आपली गोळी, मांजराचे विष

मांजर सकाळपासून पलंगाखाली बसून आहे. ताटलीतल्या बोंबलाच्या तुकड्याला तोंड लावलेले नाही. हात लावला तर कान गरम लागतात. घरातले कोणी तरी कसाबसा थर्मामीटर लावते आणि आकडा येतो १०१.५. रविवार असतो, जनावरांचा दवाखाना बंद. मग घरात माणसांसाठी जे केले जाते तेच मांजरासाठी केले जाते. पॅरासिटामॉलची गोळी मोडून अर्धी दुधात विरघळवायची, नाही तर फ्रीजच्या दारातले नातवाचे तापाचे सिरप ड्रॉपरने तोंडात सोडायचे. ताप उतरेल बिचारीचा, एवढाच हेतू. चार-पाच तासांनी मांजराचा चेहरा सुजू लागतो, पंजे सुजतात, धाप लागते. ओठ वर करून पाहिले तर हिरड्या गुलाबी नसून मातकट झालेल्या असतात.

अशा घरात दोन चुका झालेल्या असतात आणि दोन्ही प्रेमापोटी. पहिली चूक तापाची. मांजराच्या शरीराचे नेहमीचे तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते. माणसाला अंथरूण धरायला लावणारा १०१.५ हा आकडा मांजराच्या बाबतीत तब्येत ठीक असल्याचा आकडा आहे. आपल्या हाताला मांजर गरम लागणारच, ते आपल्यापेक्षा गरम असतेच. दुसरी चूक गोळीची, आणि ती जीवघेणी आहे.

मात्रेचा हिशेब आधी पाहू. साठ किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर किलोमागे आठ मिलिग्रॅम औषध पोटात जाते. चार किलोच्या मांजराला तीच गोळी दिली तर किलोमागे १२५ मिलिग्रॅम. म्हणजे माणसाने एका वेळी पंधरा गोळ्या गिळल्यासारखे झाले. पण गणित नुसते वजनाचे असते तर गोळीचा बारीक कण देऊन काम भागले असते. मांजराला किलोमागे अवघ्या १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलांच्या १२५ मिलिग्रॅमच्या सिरपचे दोन मिलिलिटर म्हणजे ५० मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराने ती रेषा तेवढ्यातच ओलांडलेली असते. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा नाही, कमी नाही आणि जास्तही नाही.

याचे कारण यकृतात आहे. पोटात गेलेले औषध शरीराबाहेर काढायचे तर यकृताला आधी ते पाण्यात सहज विरघळेल असे करावे लागते. त्यासाठी माणसाचे यकृत औषधाच्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल नावाचा एक साखरेपासून बनलेला तुकडा जोडते. सामान पाठवताना त्यावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवावी तसे. चिठ्ठी लागली की मूत्रपिंड ते सामान लघवीवाटे बाहेर टाकते. ही चिठ्ठी चिकटवणारी अनेक विकरे आहेत. त्यातले पॅरासिटामॉलसारख्या रेणूंसाठी लागणारे विकर मांजरात तयारच होत नाही, कारण ते बनवणारे जनुक मोडके आहे. मोडके जनुक फक्त घरच्या मनीत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाघ-सिंहांपासून रानमांजरांपर्यंत साऱ्या मार्जारकुळात ते तसेच मोडलेले आढळले. वनस्पतींतली अनेक विषारी द्रव्ये याच वाटेने शरीराबाहेर पडतात. ज्या कुळाने लाखो वर्षे फक्त मांस खाल्ले त्याला ही वाट फारशी लागलीच नाही, म्हणून ती मोडली तरी बिघडले नाही, असे संशोधक मानतात. बिघडले ते मांजर माणसाच्या घरात आल्यावर.

एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष होते याचा मोठा धडा भारताने गिधाडांच्या बाबतीत घेतला आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध वापरण्यावर बंदी आली. माणसांच्या कपाटात मात्र ते आहेच, आणि आयबुप्रोफेनही आहे. मांजराच्या पोटात या दोन्हींमुळे जखमा होतात व मूत्रपिंडे बंद पडतात. अॅस्पिरिनची अर्धी मात्रा शरीराबाहेर पडायलाच मांजराला दीड दिवसाहून जास्त लागतो. म्हणजे रोज एक गोळी दिली तर आधीची उतरण्यापूर्वीच पुढची चढते.

पॅरासिटामॉलने माणसाचे यकृत जाते. मांजराचे त्याआधी रक्त जाते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. विषाच्या माऱ्याने या लोहाला जणू गंज चढतो. रक्त चॉकलेटच्या रंगाचे होते आणि प्राणवायू धरूच शकत नाही. मातकट हिरड्यांचे आणि धापेचे कारण हेच. मांजराचे हिमोग्लोबिन अशा माऱ्यापुढे मुळातच हळवे आहे. त्याच्या रेणूवर गंधकाची आठ उघडी टोके असतात, माणसाच्या रेणूवर दोन. माऱ्याला जागा चौपट.

याच उघड्या टोकांमुळे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरातली सर्वांत साधी वस्तू मांजराच्या जिवावर येते. ती म्हणजे कांदा. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या पेशींवर तोच हल्ला करतात आणि पेशी फुटतात. किलोमागे पाच ग्रॅम कांद्याने मांजराच्या रक्तावर परिणाम झाल्याचे दिसले आहे. चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा पाव भाग पुरतो. नुसता कांदा कोणतेही मांजर खात नाही हे खरे. पण माशाच्या कालवणात कालवलेला भात ते ताटली चाटून पुसून खाते आणि त्या कालवणाच्या वाटणात कांदा-लसूण दोन्ही असतात. शिजवल्याने, वाटल्याने किंवा वाळवल्याने त्यातले विष जात नाही. लसूण तर कांद्याहून तिखट. रोज थोडे थोडे गेले तरी रक्त हळूहळू कमी होत राहते आणि मांजर ‘आताशा मलूल असते’ एवढेच घरच्यांच्या लक्षात येते. उपाय फार सोपा आहे. मासा किंवा कोंबडी वाटण घालण्याआधीच मांजरासाठी बाजूला काढून नुसती उकडावी.

कपाटातल्या डांबरगोळ्यांचेही तेच. त्यातले नॅफ्थलीन तांबड्या पेशी फोडते. हे डॉक्टरांना माणसांमुळे ठाऊक आहे, कारण जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर त्याचे रक्त फुटून कावीळ होऊ शकते. पिल्लाला खेळायला गोल, पांढरी, घरंगळणारी वस्तू आवडते. जुन्या साड्यांच्या गाठोड्यात ती उघडी ठेवू नये.

इथवरची सारी विषे ताटलीतून किंवा खेळता खेळता तोंडात गेली. पण मांजराच्या पोटात जाणारे बरेचसे विष त्याने खाल्लेलेच नसते, चाटलेले असते. मांजराची जीभ म्हणजे बारीक कंगवा. तिच्यावर घशाकडे वळलेले काटे असतात. जागेपणीचा मोठा वेळ मांजर अंग चाटण्यात घालवते आणि केसांवर जे काही लागले असेल ते त्या काट्यांत अडकून आत जाते. त्याला थुंकता येत नाही. म्हणून मांजराबाबत ‘त्याने काय खाल्ले’ याबरोबरच ‘ते कशावरून चालले, कशाला घासले, कोणाच्या कुशीत झोपले’ असे विचारावे लागते.

कशावरून चालले याचे उत्तर बहुधा फरशी. काळे फिनाईल डांबरापासून बनते आणि त्यात फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात. यकृतातली जी वाट मांजरात मोडकी आहे, नेमकी तीच वाट फिनॉलला लागते. पांढऱ्या फिनाईलमधले पाइन तेलही मांजराला बाधते. एक ढोबळ खूण अशी की, जे जंतुनाशक पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होते ते मांजराच्या घरात नको. ओल्या फरशीवरून मांजर चालते, मग कोपऱ्यात बसून पंजे चाटते आणि संध्याकाळी लाळ गाळू लागते. अशा घरात साबणाच्या साध्या पाण्याने फरशी पुसावी. फिनाईल वापरायचेच असेल तर नंतर स्वच्छ पाण्याचा हात फिरवावा आणि फरशी कोरडी होईपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवावे. कपडे मऊ करण्याच्या द्रावणात आणि काही जंतुनाशकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. ते चाटल्याने मांजराच्या जिभेवर भाजल्यासारखे व्रण पडतात आणि ते खाणेच सोडते. मांजराच्या जखमेवर घरातले जंतुनाशक कापसाने लावणे तर अजिबात नको. आपण बाहेरून लावतो, ते पाच मिनिटांत आत घेते.

कोणाच्या कुशीत झोपले, हा प्रश्न अजून फारशा घरांत विचारला जात नाही. गुडघेदुखीवर रात्री जेल चोळून आजी झोपतात, मांजर पायाशी असते आणि पहाटे आजींचे पाय चाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली अशाच प्रकाराबद्दल लोकांना सावध केले होते. मालकांनी स्वतःच्या अंगाला फ्लर्बिप्रोफेन हे वेदनाशामक लावले होते, आणि त्यांच्या मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली, काही दगावली. मांजराला औषध कोणी दिलेच नव्हते. केस उगवण्यासाठी डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल त्याहून कडक. उशीच्या अभ्र्यावर उतरलेले थेंब चाटूनही मांजराचा रक्तदाब कोसळू शकतो आणि फुप्फुसांत पाणी भरू शकते. औषध लावले की हात धुवावेत. लावलेला भाग कपड्याने झाकावा आणि त्या रात्री मांजराला अंथरुणात घेऊ नये. वाईट वाटेल, पण दार लावावे.

पर्मेथ्रिन हे तिसरे. सरकारी दवाखान्यात खरजेसाठी याचे पाच टक्क्यांचे मलम सर्रास दिले जाते, उवांसाठी एक टक्क्याचे द्रावण मिळते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायच्या काही थेंबांत ते ४० टक्क्यांच्या वर असते. माणूस आणि कुत्रा ते सहज पचवतात. मांजराला ते पचत नाही. काही तासांत कान फडफडू लागतात, अंग थरथरते, मग झटके. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याचे औषध ‘थोडेसे’ मांजराला लावणे किंवा औषध लावलेल्या कुत्र्याशेजारी त्याला झोपू देणे यामुळे मांजरे जातात. ‘फक्त कुत्र्यांसाठी’ ही वेष्टनावरची ओळ तिथे गंमत म्हणून छापलेली नसते. मांजराच्या अंगावर केस गळून खपल्या दिसल्या म्हणून घरातल्या माणसाचे खरजेचे मलम त्याला फासणाऱ्यांनीही ही ओळ लक्षात ठेवावी.

फुलांत लिली. फुलवाल्याकडच्या महागड्या गुच्छात येणारी, मोठ्या पाकळ्यांची, केशरी-तपकिरी पराग हाताला डाग पाडणारी. तिचे पान, पाकळी, फुलदाणीतले पाणी, सगळेच मांजराच्या मूत्रपिंडांना घातक आहे. अंगावर सांडलेले पराग चाटणेही पुरते. कुत्र्याला अशाने पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही, मांजराची मूत्रपिंडे मात्र एक ते तीन दिवसांत बंद पडतात. पहिल्या अठरा तासांत सलाइन सुरू झाले तर बहुतेक वाचतात. लघवी थांबल्यावर आणलेले मांजर वाचवणे फार अवघड. मांजर असलेल्या घरी वाढदिवसाला जाताना गुलाब न्यावेत. कुंडीतली पीस लिली नावाने लिली असली तरी त्या जातीची नाही. तिने तोंडाची आग होते, मूत्रपिंडे जात नाहीत.

जिभेच्या काट्यांचा आणखी एक घात आहे. तोंडात गेलेला दोरा मांजराला बाहेर काढता येत नाही. काटे मागे वळलेले असल्यामुळे तो आतच सरकत जातो. शिवणकामाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, गणपतीच्या मखराच्या झिरमिळ्या, मांजा. बहुतेकदा दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते आणि उरलेला आतड्यात उतरतो. आतडे तो पुढे ढकलू पाहते आणि नाडी ओढलेल्या लेंग्यासारखे त्याच्यावर चुणीने गोळा होते. ताणलेला दोरा मग आतड्याला आतून कापतो. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम. कापूही नये. दिसतो तसा ठेवून थेट दवाखाना गाठावा. सुई ओवलेली ठेवून उठण्याची सवय असेल तर मांजर आल्यावर ती मोडावी.

उंदराच्या विषाबद्दल लोक सावध असतात, पण उशिरा दिसणाऱ्या परिणामांबद्दल नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत, हृदयरोग्यांना देतात त्या वॉरफरिनच्याच पद्धतीने. विषारी उंदीर खाल्लेले मांजर दोन-तीन दिवस ठीक दिसते आणि मग नाकातून किंवा पोटात रक्तस्राव सुरू होतो. त्यावर के जीवनसत्त्वाचा चांगला उतारा आहे, तो आठवडे चालू ठेवावा लागतो. काळ्या पुडीतल्या झिंक फॉस्फाइडवर उताराच नाही. मांजर पाळलेल्या घरात उंदरांसाठी पिंजरा लावावा, आणि सोसायटीने विष टाकले असेल तर ते नेमके कोणते हे विचारून ठेवावे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या ६०,००० युनिटच्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि कॅप्सूलही याच यादीतल्या. मोठ्या मात्रेतले हेच ड जीवनसत्त्व काही देशांत उंदीर मारण्यासाठी वापरतात.

खिडक्यांबद्दल थोडेच. मांजर पडले तरी चार पायांवर उतरते, हा समज अर्धा खरा आहे. न्यू यॉर्कमध्ये उंचावरून पडून दवाखान्यात आणलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली छापून आला. ती सरासरी साडेपाच मजले खाली पडली होती आणि उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली. आकडा सुखावणारा आहे. पण जी खाली पडून जागीच मेली, ती दवाखान्यात आणलीच गेली नसणार. वाचलेल्यांनाही छातीला मार, फाटलेली टाळू, मोडलेले पाय होतेच. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडते. तारेची जाळी लावावी.

आता विष गेलेच, तर काय करावे. आधी काय करू नये ते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. त्याने रक्तातले सोडियम वाढून मांजर त्या पाण्यानेच मरू शकते. दूध, तूप, अंड्याचा बलक ओतू नये. गुंगीतल्या मांजराच्या घशात ओतलेले फुप्फुसात जाते. अंगावर काही सांडले असेल तर मांजर टॉवेलात गुंडाळून आधी त्याचे चाटणे थांबवावे, कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवावे, पुसून उबदार ठेवावे आणि निघावे. मुंबईत परळच्या बैलघोडा रुग्णालयाच्या नावात मांजर नसले तरी तिथे मांजरेही पाहिली जातात. आपल्या गावात रात्री कोण पाहते, हे मांजर धडधाकट असतानाच विचारून फ्रीजवर लिहून ठेवलेले बरे.

या झटापटीत माणसाला चावा बसतोच. मांजराचे दात सुईसारखे. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि जंतू खोलवर जातात. दुसऱ्या दिवशी हात सुजून लाल होतो. चावा असो वा ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे, हळद-चुना काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. मांजरापासूनही रेबीज होतो. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. कातडीत द्यायच्या लशीचे दिवस आहेत शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. ‘आमचे मांजर घरातच असते’ म्हणून पुढच्या तारखा चुकवणारे पुष्कळ असतात.

पशुवैद्याकडे जाताना गोळीची रिकामी पट्टी, बाटली किंवा फुलाचा तुकडा सोबत न्यावा. किती वाजता आणि साधारण किती गेले ते सांगावे. आपणच दिले असेल तर तसे सांगावे, लाजू नये. ते लपवण्यात गेलेला अर्धा तास मांजराला महाग पडतो. पॅरासिटामॉलवर माणसाला देतात तोच उतारा मांजरालाही चालतो, एन-अॅसिटिलसिस्टीन. पशुवैद्याकडे त्या क्षणी नसला तर त्यांच्या चिठ्ठीवर माणसांच्या औषधाच्या दुकानातून आणता येतो. मात्रा ते ठरवतील, आणि त्यासाठी वजन लागेल. मांजर वजनकाट्यावर उभे राहत नाही. त्याला कडेवर घेऊन आपण काट्यावर चढावे, मग त्याला खाली ठेवून एकट्याने चढावे, आणि फरक लिहून घ्यावा.